नोव्हेंबरचं मूल यंदाच पहिलीत घालावं का?

नाशिकच्या इंदिरानगरहून एका आईचा प्रश्न आला आहे. थोडक्यात असा: "मुलगा २२ नोव्हेंबरचा, सिनियर केजीत आहे. नियमाने येत्या जूनमध्ये पहिलीत जाऊ शकतो. बाई म्हणतात लिखाणात मागे आहे. गृहपाठाला बसवलं की रडतो. एक वर्ष थांबवावं असं मला वाटतं. शाळा म्हणते, नियमात बसतोय तर थांबवता कशाला? सासूबाई म्हणतात, पोराचं वर्ष वाया जाईल. लहान मुलांना उशिरा शाळेत घालायची मुभा असावी का, आणि आम्ही काय करावं?"

ताई, मुभा असावी. ती आईवडिलांच्या सांगण्यावर मिळावी, शाळेने चाचणी घेऊन नव्हे. तुमच्या मुलाला मी थांबवलं असतं. पण हेच उत्तर मी सुरगाण्यासारख्या आदिवासी तालुक्यातल्या आईला दिलं नसतं. त्याचं कारण समजलं तर तुमचा निर्णयही सोपा होईल, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पहिलीचा वर्ग मी आयुष्यभर घेतला, आधी जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि मग शहरात. निवृत्तीनंतर पहिलीच्या शिक्षिकांबरोबर काम करते.

आधी नियम. महाराष्ट्रात ज्या मुलाला त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण होतात, त्याला जूनमध्ये पहिलीत प्रवेश मिळतो. ही तारीख पूर्वी ३० सप्टेंबर होती. २०२० च्या सप्टेंबरमध्ये सरकारने ती तीन महिने पुढे नेली. 'दोन-चार आठवड्यांसाठी मुलाचं वर्ष जातं' म्हणणाऱ्या पालकांना तेव्हा बरं वाटलं. परिणाम असा झाला की एकाच बाकावर १ जानेवारीचं मूल आणि ३१ डिसेंबरचं मूल शेजारी बसू शकतं. शाळा उघडते त्या दिवशी एक जवळजवळ साडेसहाचं असतं, तर दुसऱ्याला साडेपाचही पूर्ण व्हायचे असतात. साडेपाच वर्षांच्या आयुष्यात एक वर्ष म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा. मोठ्यांमध्ये हे अंतर दिसतही नाही. पहिलीच्या वर्गात ते दारातूनच दिसतं.

शेजारी गुजरातेत २०२३-२४ पासून १ जूनला सहा वर्षं पूर्ण असल्याशिवाय पहिली नाही. म्हणजे सुरगाण्याच्या सीमेवरच्या पाड्यातलं नोव्हेंबरचं पोर अलीकडे पहिलीत बसेल आणि पलीकडे बालवाटिकेत, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात. केंद्रीय विद्यालयांनीही २०२२-२३ पासून ३१ मार्चला सहा पूर्ण असा नियम केला. पालक त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेले, पण नियम टिकला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तीन ते सहा ही वर्षं शाळापूर्व शिक्षणाची आणि सहानंतर पहिली, अशीच मांडणी आहे. तेव्हा तुमच्या मुलाला थांबवणं म्हणजे काही जगावेगळं नाही. देशातल्या बऱ्याच भागात तो यंदा पहिलीत गेलाच नसता.

शाळा जे सांगत नाही ते हे: ३१ डिसेंबरची अट ही किमान वयाची आहे. त्या वयाला पोचलं की मुलाला त्याच वर्षी घातलंच पाहिजे, असा तिचा अर्थ होत नाही. आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, पंचवीस टक्के जागांसाठी गेल्या काही वर्षांत पहिलीचं कमाल वय ३१ डिसेंबरला ७ वर्षं ५ महिने ३० दिवस असं धरलं आहे. हिशेब करून पाहा. १ जुलै ते ३१ डिसेंबर या काळात जन्मलेलं मूल लागोपाठ दोन वर्षं पात्र ठरतं. दुसऱ्या सहामाहीतल्या मुलांना एक खिडकी सरकारनेच ठेवलेली आहे. फक्त ती कुणी उघडून दाखवत नाही.

आता वर्गात काय होतं ते सांगते. जुलैचा दुसरा आठवडा. बाहेर पाऊस, वर्गात रेनकोटांचा वास. फळ्यावर 'क'. डिसेंबरच्या मुलाने पेन्सिल मुठीत धरलेली असते. त्याची बोटं हलत नाहीत, सगळा हात खांद्यापासून हलतो. उभी रेघ येते, पण 'क'चं डावीकडचं पोट काढताना पेन्सिल ओळीखाली घसरते. तो खोडतो. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी खोडरबराखाली कागद फाटतो आणि तो वही बंद करून कॉलर चावत बसतो. तोवर शेजारची फेब्रुवारीतली मुलगी ओळ संपवून वही दाखवायला उठलेली असते. या मुलाला 'क' ओळखता येतो, कमळ-कणीस-कपाट सगळं सांगता येतं. अडचण हाताची आहे. मनगटातली छोटी हाडं या वयात अजून पुरती तयार झालेली नसतात, बोटांचे बारीक स्नायू थकतात. हे वेळेनेच होतं, सरावाने फार तर थोडं लवकर होतं. तुमच्या बाई ज्याला 'लिखाणात मागे' म्हणतात त्यातला बराच भाग हा असतो. पाच वर्षांच्या मुलाकडून पानंच्या पानं लिहून घेणं हे मुळातच चुकीचं आहे, त्यामुळे एवढ्या एका कारणावरून कुणालाही थांबवू नये.

मग मी थांबवायला का सांगते? कारण वर्ग मुलाच्या जन्मतारखेकडे बघत नाही. हजेरीपटावर तारीख असते, पण चाळीस मुलांचा वर्ग घेताना ती बाईंच्या डोळ्यांसमोर नसते. डोळ्यांसमोर असतं ते एवढंच, की हा हळू आहे, हा उठतो-बसतो, याला दोनदा सांगावं लागतं. दिवाळीपर्यंत त्याच्यावर 'कच्चा' असा शिक्का बसतो, आणि तो शिक्का त्यालाही कळतो. ही जगभर दिसलेली गोष्ट आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात, २०१८ साली, ज्या राज्यांत शाळाप्रवेशासाठी १ सप्टेंबर ही सीमा आहे तिथली मुलं पाहिली. ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गातल्या सर्वांत लहान मुलांना 'एडीएचडी' (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) हे निदान सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांपेक्षा ३४ टक्के जास्त प्रमाणात झालं होतं. दोघांच्या जन्मात एखाद्या महिन्याचं अंतर, पण सप्टेंबरची मुलं वर्षभर उशिरा शाळेत जातात. ज्या राज्यांत १ सप्टेंबरची सीमा नव्हती तिथे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये असा फरक दिसला नाही. म्हणजे लहान असण्यालाच आजार म्हटलं गेलं होतं.

याची दुसरी बाजूही तेवढीच खरी आहे. वर्गातल्या मोठ्या आणि लहान मुलांमधलं गुणांचं अंतर पहिली-दुसरीत खूप असतं, चौथीपर्यंत कमी होतं, आठवीपर्यंत आणखी कमी होतं, पुरतं जात मात्र नाही. नॉर्वेत मुलं मोठी होऊन नोकरीला लागेपर्यंत पाहिलं, तेव्हा उशिरा शाळेत जाण्याचा मोठा फायदा काही उरलेला नव्हता. तेव्हा वर्षभर थांबवलं की मूल पुढे हुशार निघेल, पहिला नंबर काढेल, असं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. थांबवण्यातून मिळतं ते एवढंच, की शाळेची पहिली दोन-तीन वर्षं मुलाला स्वतःबद्दल वाईट वाटून घ्यावं लागत नाही. माझ्या लेखी ते कमी नाही. वाचायला शिकण्याची वर्षं हीच, आणि 'मला येत नाही' हे याच वर्षांत पक्कं होतं.

सासूबाईंना सांगा, आपल्याकडे हे नवीन नाही. पूर्वी गावात गुरुजी पोराला उभं करायचे आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगायचे. हात कानाला पोचला तर नाव घालायचे, नाही तर 'पुढच्या वर्षी आणा'. ती पद्धत अगदीच खुळी नव्हती. साधारण सहा-सातच्या सुमाराला हात धडाच्या आणि डोक्याच्या मानाने लांब होतात, त्यामुळे वयाचा ढोबळ अंदाज यायचा. तारीख माहीत नसली की गुरुजी १ जून लिहून टाकत. आपल्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी जणांचा कागदोपत्री वाढदिवस १ जूनला येतो तो त्यामुळेच. आता जन्मदाखला असतो, आणि तो हवाच. पण त्या काळात मूल थोडं थांबलं तर घरच्यांना ते अपयश वाटत नसे.

आता सुरगाण्याच्या आईबद्दल. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वरकडची कितीतरी कुटुंबं दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर कामाला उतरतात. अंगणवाडी सहा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. आपलं नोव्हेंबरचं मूल धरा. नोव्हेंबरात त्याला सहा पूर्ण झाले की ते अंगणवाडीच्या पटावरून उतरलं. शाळेत नाव नसेल तर शाळेचा पोषण आहारही नाही. म्हणजे पुढच्या जूनपर्यंत सहा-सात महिने ते कुठेच नाही. खिचडी नाही, ताई नाहीत, बाई नाहीत, बागेच्या बांधावर धाकट्या भावंडाला सांभाळत बसणं आहे. शाळेत नाव असेल तर निदान शिक्षण हमी कार्ड घेऊन बागेजवळच्या शाळेत बसता येतं. शिवाय त्याच्या घरची बोली आदिवासींची कोकणी किंवा वारली, शाळेची मराठी त्याला वेगळीच. ती कानावर जितकी लवकर पडेल तितकी बरी. अशा मुलाला 'वय लहान आहे, थांबवा' असा सल्ला कुणी सरसकट दिला तर ते त्याचं नुकसान करतील.

म्हणून धोरण काय असावं याचं माझं उत्तर दोन भागांत आहे, आणि ते दोन्ही भाग एकत्रच हवेत. जुलै ते डिसेंबरमधल्या मुलांच्या पालकांनी साध्या अर्जावर एक वर्ष मागितलं, तर शाळेने कारण न विचारता ते द्यावं. आणि ते वर्ष घालवायला सरकारी, फुकट, धड जागा असावी: अंगणवाडीत सहानंतरही जूनपर्यंत पट चालू ठेवावा किंवा जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळेला जोडून बालवाटिका असावी, जेवणासकट. दुसरा भाग सोडून पहिलाच केला तर मुभा फक्त गंगापूर रोड आणि कॉलेज रोडवरच्या घरांना मिळेल. ते एका वर्षाची जास्तीची फी भरतील आणि त्यांची साडेसहाची मुलं अंबड-सातपूरच्या कामगारांच्या साडेपाचच्या मुलांशेजारी बसतील. दरी वाढेल. स्कॉटलंडने हे ओळखलं. तिथे शाळा सुरू होताना पाच पूर्ण नसलेल्या कुठल्याही मुलाला थांबवलं, तर २०२३ पासून त्या वर्षाचं बालशिक्षण सरकारी खर्चाने मिळतं. इंग्लंडमध्ये पालकांना विनंती करता येते, निर्णय मात्र प्रवेश देणाऱ्यांच्या हातात असतो. पालकांना पुन्हा कुणासमोर तरी आपलं मूल 'कमी' आहे हे सिद्ध करत बसावं लागतं. आपल्याला तो रस्ता नको. आपल्या आरटीई कायद्याने प्रवेशासाठी मुलांची चाचणी घ्यायला बंदी केलेली आहे. ती मागच्या दाराने परत यायला नको.

आणि तारीख कुठलीही ठेवा, वर्गात कुणीतरी सर्वांत लहान असणारच. जुलै ते डिसेंबरची मुलं थांबली की जूनची सर्वांत लहान. त्यामुळे पहिलीचा वर्गच लहानांना सोसेल असा करणं हे खरं काम. पहिले दोन-तीन महिने गाणी, गोष्टी, खडू, माती, मणी, वही दिवाळीनंतर. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला हे किती आधी करून दाखवलं आहे! आदिवासी पाड्यावर झाडाखाली, जवळ असेल त्या सामानात. आपण मात्र शहरात सिनियर केजीत जोडाक्षरं घेतो.

आता तुमच्या घरचं. पत्रात तुम्ही लिहिलंय की मुलगा निमाणी ते नाशिकरोड सिटीलिंक बसचे सगळे थांबे ओळीने सांगतो, आणि कुठल्या थांब्यावर आजोबा चढले होते तेही. म्हणजे स्मरण चांगलं, क्रम कळतो, घडलेलं सांगता येतं. बुद्धीची काळजी सोडा. मी बघेन ते असं: तुम्ही समोर नसताना तो तीन-चार तास राहतो का? डबा उघडून, खाऊन, बंद करून ठेवतो का? शू लागली तर बाईंना सांगतो का, की धरून ठेवतो? 'दप्तर ठेव आणि पाण्याची बाटली आण' अशा दोन गोष्टी एकदम सांगितल्या तर दोन्ही करतो का? खेळात हरला तर सावरतो का? यातलं बरंचसं जमत असेल तर तो कुठल्याही चांगल्या पहिलीत जाऊ शकतो. रोज सकाळी शाळेच्या नावाने पोट दुखत असेल, संध्याकाळी तो गळून पडत असेल, तर तो त्या ओझ्याखाली दमतोय. गृहपाठाचं रडणं मी त्यात धरते.

त्याबरोबर एक करा, एखाद्या दिवशी ज्या पहिलीत तो जाणार आहे तो वर्ग बघून या. मुलं जमिनीवर बसून काही करताना दिसतात की सगळी बाकांवर फळ्यावरचं उतरवून घेताना? दुसऱ्या प्रकारचा वर्ग असेल तर थांबवा. पहिल्या प्रकारचा असेल आणि बाई समजूतदार असतील, तर यंदा पाठवलं तरी चालेल. तुम्ही केजीतल्या वह्यांचं जे वर्णन केलं आहे त्यावरून ती शाळा मला दुसऱ्या प्रकारची वाटते, म्हणून माझं मत थांबवण्याकडे आहे.

हा निर्णय पहिलीच्या दारातच घ्यावा लागतो. एकदा पटावर नाव चढलं, सरलवर, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन विद्यार्थी-नोंदीत, नाव गेलं, की मागे येणं अवघड. कायद्याप्रमाणे पहिलीतल्या मुलाला त्याच वर्गात पुन्हा बसवताही येत नाही. खरं तर सर्वांत सोपी वेळ ज्युनियर केजीच्या आधीची. तेव्हा मुलाला मित्र पुढे गेल्याचं कळत नाही. तुमची ती वेळ गेली, त्यामुळे त्याच शाळेत, त्याच वर्गात, तीच पुस्तकं घेऊन सिनियर केजी पुन्हा करायला लावू नका. मित्र वरच्या वर्गात आणि आपण इथेच, हे साडेपाचच्या मुलाला नेमकं कळतं. शक्य असेल तर वर्षभरासाठी जागा बदला: घराजवळची खेळावर चालणारी बालवाडी, किंवा अर्धा दिवस तिथे आणि उरलेला घरी. सासूबाई घरी असतील तर त्यांच्यासारखी शिक्षिका मिळणार नाही. मटार सोलणं, शेंगा निवडणं, कणकेचे गोळे, रांगोळीचे ठिपके, यातून हात तयार होतो. रोज एक गोष्ट वाचून दाखवा, आणि एक त्याच्याकडून ऐका. टीव्हीसमोर गेलेलं वर्ष मात्र खरंच वाया जातं, तिथे सासूबाईंचं बरोबर आहे.

दोन गोष्टी हिशेबात धरा. तुमच्यापैकी कुणाची नोकरी बदलीची असेल, एअरफोर्स, तोफखाना, नोटांची प्रेस, एचएएलचा विमान कारखाना, आणि पुढे केंद्रीय विद्यालयात जायची शक्यता असेल, तर थांबवणंच सोयीचं. साडेपाचला पहिलीत गेलेलं मूल तिथल्या वयाच्या अटीत पुढे अडतं. उलट घरात सैन्यात अधिकारी व्हायचं स्वप्न असेल तर लक्षात ठेवा, एनडीएला वरची वयोमर्यादा साडेएकोणीसच्या आसपास आहे. उशिरा सुरू केलेल्या मुलाला बारावीनंतर प्रयत्न कमी मिळतात. अकरा-बारा वर्षांपुढचा विचार म्हणून मी त्याला फार वजन देणार नाही, पण माहीत असावं.

बोलणं अस्पष्ट असेल, हाक मारल्यावर वळून बघत नसेल, पुस्तक डोळ्यांजवळ नेत असेल, तर ते 'वर्षभर थांबू' म्हणून सुटणारं नाही. आधी कान-डोळे तपासून घ्या, सिव्हिल हॉस्पिटलमध्येही होतात. अशा मुलांचं थांबण्यात गेलेलं वर्ष म्हणजे उपचाराचं गमावलेलं वर्ष असतं.

शाळेला तोंडी सांगू नका, लेखी द्या: 'मुलाची जन्मतारीख २२ नोव्हेंबर असून येत्या जूनमध्ये त्याला पहिलीत प्रवेश घेण्याची आमची इच्छा नाही. पुढील शैक्षणिक वर्षी प्रवेश घेऊ.' एवढंच. कारण लिहायची गरज नाही, 'कच्चा असल्याने' असं तर मुळीच लिहू नका, तो कागद त्याच्या फाइलला राहतो. पोच घ्या. शाळा जागा राखून ठेवायला तयार नसेल तर आतापासूनच जवळच्या दोन-तीन शाळा बघून ठेवा, त्यात महापालिकेचीही एक धरा. पुढच्या वर्षी आरटीईतून अर्ज करायचा विचार असेल तर उत्पन्नाचा आणि रहिवासाचा कागद दिवाळीनंतर काढायला घ्या, अर्ज सुरू झाल्यावर तहसीलमध्ये गर्दी होते.